अंबाड्यातलं पेन

माझ्या धाकट्या भावाची बायको गेली एकतीस वर्षं परक्यांच्या नाकातला शेंबूड तपासते आहे. हे वाचून ज्यांना किळस आली त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे हा पदार्थ वारंवार येणार आहे. ती स्वतः त्याला शेंबूड म्हणत नाही, ‘नमुना’ म्हणते. पेशंटच्या नाकात खोलवर काडी घालून फिरवायची, काडी गुलाबी पाण्याच्या बाटलीत बुडवायची, की झाला नमुना. तो इस्पितळाच्या तळमजल्यावर, शवागाराच्या अलीकडच्या प्रयोगशाळेत तिच्याकडे येतो आणि या माणसाचा खोकला कुठल्या विषाणूचा आहे हे ती शोधून काढते.

दिसायला बुटकी, गोलसर, चष्म्याच्या वरून बघणारी. बोलते फार कमी. मी बोलते फार जास्त आणि माझा भाऊ पेपरामागून नुसतं ‘हं’ म्हणतो, त्यामुळे आमच्या घराचा एकूण आवाज बेताचा राहतो. मी यांच्याकडे राहते त्याला तीस वर्षं झाली. नवऱ्याला मी त्याआधी दहा वर्षं सोडलं होतं. तो विषय इथला नाही आणि तो माणूसही शाईच्या लायकीचा नाही.

मी तिला ‘फ्रीझर’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. एक तर ती थंड. दुसरं म्हणजे ती काहीही फेकत नाही. आणि तिसरं कारण प्रयोगशाळेतलंच होतं. उणे ऐंशी अंशांवर चालणारं, कपाटाएवढं शीतपेटीचं धूड तिच्या ताब्यात होतं आणि त्याचे खालचे दोन खण तिने स्वतःच्या डब्यांनी भरून टाकले होते. डब्यांवर लिहिलं होतं, ‘काही नाही’. म्हणजे ज्या खोकणाऱ्यांच्या नमुन्यांत माहीत असलेल्या बारा विषाणूंपैकी एकही सापडला नाही, ते सगळे. बाकीच्या प्रयोगशाळा असले नमुने सहा महिन्यांनी जाळून टाकतात. हिने वर्षानुवर्षं जपले.

“काही नाही, असं तूच लिहितेस आणि तूच जपून ठेवतेस,” मी एकदा म्हटलं. “हा काय प्रकार आहे?”

“काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतं, असं नाही ना ताई,” ती म्हणाली. “मी ज्यांना शोधलं त्यांच्यातलं कुणी नव्हतं, एवढंच.”

मी स्वतः रसायनशास्त्राची पदवीधर आहे. पन्नास वर्षांपूर्वीची असले तरी आहे. आणि पदवीधर माणसाला दुसऱ्याचं शहाणपण चटकन पचत नाही. मी म्हटलं, “मग नीट शोधायचं होतंस.”

तिची दुसरी खूण म्हणजे अंबाडा आणि त्यात खोचलेलं पेन. जाड टोकाचं काळं पेन, ज्याची शाई बर्फातही उडत नाही आणि स्पिरिटनेही पुसत नाही. प्रयोगशाळेत महागड्या यंत्रांना कुणी हात लावत नाही. चोऱ्या होतात त्या या पेनांच्या. टेबलावर ठेवलं की गेलं, खिशात ठेवलं की ‘जरा देता का’ म्हणून गेलं. म्हणून हिने अंबाड्यात खोचायला सुरुवात केली. केसांत हात घालून कोण मागणार? तिथून ते कधी हललंच नाही. लग्नाला पेन, बारशाला पेन. घरातला असा एक फोटो नाही ज्यात तिच्या डोक्यातून ते टोपण बाहेर आलेलं नाही. मी किती वेळा म्हटलं, “अगं, फूल माळतात बायका.” तर म्हणे, “फुलाने लिहिता येत नाही.”

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. डोकं शाबूत, जीभ माझ्याहून तिखट. मी आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर सहलीला गेले होते, पाच दिवस, एका बसमध्ये तीस म्हाताऱ्या. सोमवारी परत आले ती खोकतच. आमच्या प्रयोगशाळावाल्या बाईंचा एक नियम होता. नियम खरं तर प्रयोगशाळेचा होता, पण पाळायची ती एकटी: कामावरच्या माणसाच्या घरी कुणी आजारी पडलं तर घरातल्या सगळ्यांचे नमुने घ्यायचे. आपण कामावरून घरी काही नेत नाही ना, हे बघायला. मंगळवारी सकाळी ती काडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“ताई, मान मागे.”

“मला साधा खोकला आहे.”

“असू दे. मान मागे.”

त्या काडीच्या टोकावर मी तिला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. माझ्या बाटलीवर तिने अंबाड्यातलं पेन काढून लिहिलं, ‘घ-१’. घ म्हणजे घर. भावाची ‘घ-२’. तिची स्वतःची, आरशात बघून घेतलेली, ‘घ-३’. शनिवारी आईला ताप भरला आणि तिची ‘घ-४’ झाली. रविवारी तिला इस्पितळात हलवलं. अकराव्या दिवशी आई गेली. फुप्फुसं भरली होती. चारी बाटल्यांचा निकाल तोवर आला होता: काही नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक जमले होते. ही भिंतीला टेकून उभी होती, डोक्यात ते पेन. मला दुःख झालं की मला राग येतो. माझी घडणच तशी आहे. मी तिच्याकडे बोट केलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “दिवसभर लोकांच्या घाणीत हात घालते आणि तेच हात घेऊन घरी येते. हिनेच आणलं. आईला हिने मारलं.”

ती काही बोलली नाही. भाऊ पहिल्यांदाच ‘हं’सुद्धा म्हणाला नाही.

मी नंतर ते वाक्य परत काही उच्चारलं नाही, पण मागेही घेतलं नाही. आणि वाक्याला पाय फुटतात. आमची मावशी, आईची धाकटी बहीण, आता नव्वदीला टेकलेली, तिने ते उचललं आणि नऊ वर्षं सांभाळलं. त्या दिवसापासून मावशीने हिच्या हातचं पाणी घेतलं नाही. घरात जमायचं असलं की मावशीचा खणखणीत आवाज यायचा, “तिला खिडकीपाशी बसवा. वारं बाहेर जाऊ दे.” आणि ही जाऊन खिडकीपाशी बसायची. पोराबाळांना तिच्या मांडीवर बसू द्यायचे नाहीत. जिला स्वतःचं मूल झालं नाही, तिच्या मांडीवर. मी ते बघायचे आणि म्हणायचे, मावशी जरा अतीच करते.

मावशी करते, असं म्हणायचे.

यंदाच्या सुरुवातीला बातमी आली की कुठल्याशा दूरच्या देशात एक नवा श्वसनाचा विषाणू सापडला आहे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना छातीचा त्रास देणारा. मी पेपर वाचून दाखवला तर बाईसाहेब खुर्चीतून उठल्याच.

“नवा नाही तो, ताई. नव्याने ओळख पटली आहे. त्यांनी जुने साठवलेले नमुने तपासले, तर पंधरा वर्षांपूर्वीच्यातही निघाला.”

“म्हणजे हा चोर जुनाच. फोटो आत्ता निघाला.”

“हो,” ती म्हणाली. “माझ्याकडे घ चे चार आहेत.”

मला ते तेव्हाच कळलं. तिला डब्यांतल्या शेकडो खोकणाऱ्यांचं कौतुक होतंच, पण नऊ वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते चार बाटल्यांत होतं. आपण घरी काही आणलं की नाही, हे तिला कळून घ्यायचं होतं. मला वाटलं, बघ बाई, बघ. निघेल तुझंच नाव.

अडचण प्रमुखांची होती. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे एक उंच, घाईत असलेले गृहस्थ. चालताना बोलतात आणि थांबले की विसरतात. त्यांना शीतपेटीतले तेच दोन खण नव्या सामानासाठी हवे होते. ते म्हणाले, “बाई, महिनाअखेरपर्यंत तुमचं ते ‘काही नाही’ भट्टीत.” ही म्हणाली, “आधी नव्या विषाणूसाठी तपासू द्या.” ते चालत होते म्हणून हो म्हणाले. दोन प्लेटांपुरतं सामान दिलं. एका प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात, म्हणजे शहाण्णव चाचण्या.

चाचणी कशी असते हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीही करू शकेन. विषाणूच्या अंगातला एक ठरावीक तुकडा घ्यायचा. नमुन्यात तो असला तर यंत्र त्याच्या प्रतींवर प्रती काढत सुटतं आणि पडद्यावर रेघ उठून उभी राहते. नसला तर रेघ आडवी झोपून राहते. पण प्रत्येक वेळी एका खळग्यात नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालायचं. पाण्याची रेघ झोपलेलीच राहिली पाहिजे. पाण्याची रेघ उठली तर कुठून तरी घाण शिरली आहे, आणि मग अख्ख्या प्लेटवर फुली. ती याला म्हणते, “पाणी बोललं.”

घाण शिरू नये म्हणून तिथे तीन खोल्या आहेत, एकापुढे एक. पहिलीत रसायनं कालवायची, दुसरीत नमुने उघडायचे, तिसरीत यंत्र. जायचं ते पुढेच, मागे यायचं नाही. प्रत्येक खोलीचा कोट वेगळ्या रंगाचा, चपला वेगळ्या, हातमोजे वेगळे. आणि या नियमांची ही बाई नुसती हवालदार आहे. एकदा प्रमुखच तिसरीतून पहिलीत शिरले, तर त्यांना तिने दाराबाहेर काढून म्हटलं होतं, “सर, आता उद्या या.” आणि ते खरंच उद्या आले.

पहिली प्लेट लावली त्या संध्याकाळी ती घरी आली आणि जेवायला बसली, पण जेवेना.

“काय झालं?” मी विचारलं.

“सगळे आले.”

“सगळे म्हणजे?”

“नव्वदच्या नव्वद. घ चे चारी. आणि पाणीसुद्धा.”

मला हसू फुटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चपला मोजणारी बाई, आणि तिचंच पाणी बोललं!

“म्हणजे पाण्यालाही खोकला झाला,” मी म्हटलं.

“ताई, नका ना,” ती म्हणाली. “आईंच्या बाटलीत आता एकाच वेळेपुरतं उरलंय.”

मी हसायची थांबले. नमुना काही विहीर नसतो. दरवेळी थोडा थोडा संपतो. दुसरी प्लेट हीच शेवटची, सामानाच्या हिशेबानेही आणि आईच्या बाटलीच्या हिशेबानेही. तीही बिघडली तर ज्याचं उत्तर नऊ वर्षं गोठवून ठेवलं ते कायमचं गेलं.

पुढचे पंधरा दिवस ती उरल्यासुरल्या रसायनावर नुसतं पाणी तपासत होती. पाणी बदललं, पाणी बोललं. बाटल्या बदलल्या, पाणी बोललं. टेबलं ब्लीचने इतकी धुतली की तिच्या कोपरांची सालं निघाली, आणि पाणी आपलं बोलतंच आहे. विषाणूचा जो अस्सल तुकडा तुलनेसाठी विकत मागवला होता, म्हणजे खरा निघाला तर कसा दिसेल ते बघायला, तो तिने दुसऱ्या खोलीत स्वतः पातळ करून दहा नळ्यांत भरला होता. तिथूनच कुठून तरी शिंतोडा उडाला असणार, असं तिचं म्हणणं. पण दुसऱ्या खोलीतला शिंतोडा पहिलीत मागे येईल कसा? कोट वेगळा. चपला वेगळ्या. हातमोजे वेगळे.

प्रमुख म्हणाले, “बाई, तुमचे जुने डबेच बाटलेले आहेत. शुक्रवारपर्यंत पाणी गप्प करा, नाहीतर सगळं भट्टीत.”

बुधवारी ती घरी आली. मी कणीक मळत होते, ती स्टुलावर बसली आणि परत तेच पुराण लावलं. कोट बदलला, चपला बदलल्या, हात धुतले, टोपी घातली. पंधरा दिवस हेच ऐकून माझं डोकं उठलं होतं. दर दोन वाक्यांनंतर ती ते पेन अंबाड्यातून काढत होती, पाठकोऱ्या कागदावर खोल्या आखत होती, बाण काढत होती आणि पेन परत डोक्यात खोचत होती. काढ, आख, खोच. काढ, आख, खोच.

मी कावून म्हटलं, “चपला बदलतेस, कोट बदलतेस, आणि त्या डोक्यातल्या टिकोऱ्याला काय वेगळा कोट शिवलायस का? ते नाही का फिरत तिन्ही खोल्यांतून तुझ्याबरोबर?”

मी टोमणा मारला होता. बाकी काही नाही. इतकी वर्षं त्या पेनाने माझे सगळे फोटो खराब केले होते, त्याचा राग होता.

तिचा हात हळूच अंबाड्याकडे गेला, पण या वेळी पेनाला लागला नाही. हवेतच राहिला.

“ताई,” ती म्हणाली, “दुसऱ्या खोलीत मी याने त्या दहा नळ्यांवर आकडे घातले.”

“मग?”

“आणि पहिल्या खोलीत याच्यानेच बाटल्यांवर तारखा घालते. टोपीखाली हात घालून काढते.” तिचा चेहरा असा झाला की जणू मीच तिला काडी घातली. “इतकी वर्षं चाललं, कारण तयार चाचण्यांत तो तुकडा बंद नळीत येतो, हाताळावा लागत नाही. या वेळी मी स्वतः पातळ केला. तोही भरमसाट तीव्र.”

“हं,” पेपरामागून आलं.

“मी सगळ्यांना दाराबाहेर काढलं,” ती म्हणाली, “आणि स्वतः डोक्यावर घेऊन फिरले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेनाच्या टोपणावरून काडी फिरवली आणि पेशंटसारखी तपासली. पडद्यावर रेघ अशी उठली म्हणे, की छताला लागायची बाकी. अंबाड्याच्या केसांचीही उठली. मग ती तीन वेळा न्हाली, तिने ओले केस टोपीत कोंबले, पहिली खोली नव्याने धुतली, सगळं कालवलेलं फेकून नव्याने कालवलं, आणि तिन्ही खोल्यांत एकेक पेन टेबलाला दोऱ्याने बांधून टाकलं. त्या दिवशी नुसत्या पाण्याची चाचणी केली, आठ खळग्यांत. आठही रेघा आडव्या झोपलेल्या.

प्रमुखांना सगळं सांगितलं तिनेच, लपवलं नाही. ते पहिल्यांदाच थांबून ऐकत होते. म्हणाले, “पेन?” मग म्हणाले, “उद्या सकाळी लावा शेवटची.”

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. मी दारातच उभी होते. लपवण्यात अर्थ नाही, माझा जीवही टांगणीला लागला होता.

“पाणी?”

“गप्प.”

“आणि?”

“नव्वदांपैकी अकरा आले.”

“त्यातले घ चे किती?”

ती चपला काढत होती. “ते ज्याचं त्याला, ताई. इस्पितळात, निकालाच्या खिडकीवर. सोमवारी दहानंतर.”

“अगं, मी तुझ्या घरात राहते!”

“नियम आहे.”

तीन रात्री मी त्या बाईला मनातल्या मनात जितक्या नावांनी हाक मारली तितकी नावं माझ्याकडे आहेत हे मलाच माहीत नव्हतं. सोमवारी भाऊ आणि मी इस्पितळात गेलो. रांगेत उभे राहिलो, मागे एक तापाने लाल झालेला शिंपी आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई. काचेच्या खिडकीपलीकडे ही. डोक्यात पेन नाही. नुसता अंबाडा, बोडका दिसत होता.

“नाव?” तिने विचारलं.

मी नुसतं बघितलं तिच्याकडे.

“ताई, विचारावं लागतं. नाव, जन्मतारीख.”

मी सांगितलं. मागच्या रांगेने माझं वय मनातल्या मनात मोजलं, ते मला ऐकू आलं. तिने सही घेतली आणि पाकीट दिलं. भावाला दोन दिली, एक त्याचं, एक आईचं. आईच्या वारसांना दाखवायला परवानगी घेतली होती म्हणे तिने, लेखी.

मी तिथेच पाकीट फाडलं. नमुना घ-१. नव्याने ओळखलेला विषाणू: आढळला.

भावाने आईचं उघडून माझ्यापुढे धरलं. घ-४: आढळला. त्याचं स्वतःचं, घ-२: आढळला नाही.

मी तारखा वाचल्या. माझी मंगळवारची. आईची शनिवारची. मधले चार दिवस मी आईच्या पलंगावर बसून सहलीतल्या एकेका म्हातारीची नक्कल करून दाखवत होते.

ती प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एका बाईला खिडकीवर बसवून बाहेर आली. बाकावर आम्ही दोघी बसलो. तिने खिशातून चौथं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं, तिचं स्वतःचं. घ-३: आढळला नाही.

“हे दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही,” ती म्हणाली. “माझंच आहे.”

मी काही बोलले नाही. हे वाक्य माझ्याबद्दल पहिल्यांदाच लिहिलं जातंय.

“ताई, याने सगळं सिद्ध होत नाही,” ती म्हणाली. “एका दिवसाचा नमुना आहे. माझ्यातून तोवर निघूनही गेला असेल. आणि विषाणू सापडला म्हणजे आई त्यानेच गेल्या असंही नाही. वय होतं. हृदय नाजूक होतं. मी जेवढं दिसतं तेवढंच लिहिते.”

“मला सवलत देऊ नकोस,” मी म्हटलं. “मी शास्त्र शिकलेली आहे. बसमध्ये तीस जणी खोकत होत्या. मीच आणला तो. आणि माप तुझ्या पदरात घातलं, सगळ्यांसमोर.” मग मला रागच आला, काय करणार. “आणि तू! नऊ वर्षं ऐकून घेतलंस. माझा खोकला पहिला होता हे तुला ठाऊक होतं. एकदा तरी उलट बोलायचं होतंस की. तोंड नव्हतं तुला?”

“पुरावा नव्हता,” ती म्हणाली.

ही बाई नऊ वर्षं खिडकीपाशी बसली, कारण तिच्याकडे पुरावा नव्हता.

“आणि एक,” ती पुढे म्हणाली. “ते चार दिवस आई खूप हसल्या. मी कामावरून आले की बाहेरपर्यंत ऐकू यायचं. तेही झालं होतं. त्याचा नमुना नाही, पण झालं होतं.”

माझं नाक वाहायला लागलं. तिने खिशात हात घातला. मला वाटलं काडी काढते की काय. रुमाल होता.

“बोल,” मी नाक शिंकरून म्हटलं. “काय हवं तुला माझ्याकडून? पाया पडू?”

“नको. तुमचे गुडघे धरतात.” मग म्हणाली, “मावशींना सांगा.”

मावशीला फोन करणं म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिला फोनवर काही ऐकवायचं तर गावाला ऐकवावं लागतं. मी म्हटलं, घरी जाऊन करते. तिने मान हलवली, हो की नाही कळेना अशी. मग मला आठवलं की मी तेव्हा कुठे उभी राहून बोलले होते. हेच इस्पितळ, असाच व्हरांडा, फक्त वरच्या मजल्यावरचा. त्या वेळी घरी जाऊन बोलावंसं वाटलं नव्हतं मला.

मी तिथेच फोन लावला.

“मावशी, मी बोलतेय! आईचा आजार! हिने नव्हता आणला!”

“कुणी?”

“हिने! प्रयोगशाळावालीने! नव्हता आणला! मी आणला! सहलीहून! मी!”

रांग वळून बघत होती. तापाचा शिंपी दोन पावलं मागे सरकला. त्याच्या शेजारच्या बाईने कडेवरच्या मुलाचं तोंड पदराने झाकलं. भावाने पेपर शोधला, तो नव्हता, मग त्याने आईचं पाकीटच तोंडासमोर धरलं.

“तू आणलास?” मावशी ओरडली. तिचा आवाज फोनमधून सगळ्यांना येत होता.

“हो! कागद आहे माझ्याजवळ! मी खोटं बोलले!”

मग मावशी म्हणाली, “म्हणजे नऊ वर्षं मी त्या पोरीच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि तुझ्या हातचं जेवत होते?”

“हो.”

“कुणी मूर्ख शिकवलं गं तुला कॉलेजात?” आणि मग, “मी रविवारी येते. तिला म्हणावं, तू रांध. सगळं तूच रांध. आणि आता खिडकीपाशी कोण बसणार?”

“कोण?”

“तू! तू खिडकीपाशी बस!”

फोन आपटला. प्रमुख दारात उभे होते, कधी आले कुणास ठाऊक. ते म्हणाले, “बाई, त्या अकरांची यादी हवी. आणि ते डबे राहू द्या, वरचाही एक खण घ्या.” आणि चालायला लागले. हिने त्यांच्या पाठीला ‘बरं सर’ म्हटलं, यादी लिहून घ्यायला हात अंबाड्यात घातला, काही मिळालं नाही, आणि ती माझं पेन मागायला माझ्याकडे वळली. मी दिलं. पहिल्यांदाच तिने माझं काही मागितलं होतं, आणि मी टोमणा न मारता दिलं. फार जड गेलं.

रविवारी मावशी आली. दोघांनी धरून आणली. तिला मधल्या खुर्चीत बसवलं. हिने पाणी आणलं. मावशीने पेला दोन्ही हातांत धरला, हिच्याकडे बघितलं, आणि एका घोटात संपवून पेला परत पुढे केला. “अजून.” मग दुसरा. मग तिसरा. नव्वदीच्या बाईने तीन पेले पाणी पिणं हे पुढे सगळ्यांनाच महागात पडलं, पण त्या वेळी तिला कुणी अडवलं नाही. मावशीच्या नातसुनेने न विचारताच आपली मुलगी हिच्या मांडीवर दिली. मुलीने पहिली गोष्ट केली ती अंबाडा सोडला.

मी खिडकीपाशी बसले होते. वारं चांगलं येतं तिथे, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ताट मला सगळ्यांत शेवटी आलं. पहिला घास घशात अडकला आणि मला ठसका लागला.

मावशीने चमचा खाली ठेवला.

माझी भावजय मूल भावाच्या मांडीवर ठेवून उठली, हात धुऊन आत गेली, आणि काडी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“ताई,” ती म्हणाली, “मान मागे.”